क्लासिक ३५० आणि कॅफे रेसरचं हँडल: आठ महिन्यांचा अनुभव

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतली तेव्हाच ठरवलं होतं, हिला कॅफे रेसरचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश वेगवान मोटरसायकलींचं रूप द्यायचं. खाली झुकलेलं हँडल, त्याच्या टोकांना आरसे, सपाट सीट, मागे आखूड मडगार्ड. पहिल्याच महिन्यात सगळं बसवलं. गाडी लावून निघालो की दोनदा मागे वळून बघायचो, इतकी देखणी दिसायची.

रोज शहरात चालवायला लागलो आणि पंधरा दिवसांत मनगटं भरून आली. कारण नंतर उमगलं. १९६०च्या आसपास ब्रिटनमधली पोरं असं हँडल लावायची ते वेगात पळवायला. वेग असला की समोरचा वारा छाती उचलून धरतो, हातांवरचा भार हलका होतो. सिग्नलमागून सिग्नल ओलांडताना तो वारा कुठला मिळणार! शिवाय खऱ्या कॅफे रेसरचे फूटरेस्ट मागे सरकवलेले असतात. माझे होते तिथेच, पुढे. पाय पुढे, हात खाली, कंबर दुमडलेली.

चौथ्या महिन्यात मूळ हँडलपेक्षा किंचित उंच आणि मागे वळलेलं हँडल घेतलं. पाठ सरळ झाली, १९५ किलोची गाडी गर्दीत हलकी वाटू लागली. पण मेकॅनिकने जुन्याच केबल ताणून बसवल्या होत्या. यू-टर्नला हँडल पूर्ण वळलं की क्लच आपोआप अर्धा दाबल्यासारखा व्हायचा. लांब केबल घातल्यावरच ते थांबलं. तुम्ही हँडल बदललंत तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल आखूड पडतेय. ब्रेकची नळीही ताणली जात नाही ना, ते बघा. हे तपासल्याशिवाय रस्त्यावर उतरूच नका.

टोकांच्या आरशांत मागचं छान दिसतं, कोपर आड येत नाही. पण हँडल निघालं म्हणजे आपण निघालो, हा हाताला बसलेला अंदाज चुकतो. दोनदा आरसा घासला, मग काढले.

सपाट सीट ठेवली, आतला फोम मात्र घट्ट घालून घेतला. सायलेन्सरला हात लावला नाही. सगळ्यांत समाधान दिलं ते हँडलपासूनचं अंतर कमीजास्त करता येणाऱ्या क्लच-ब्रेकच्या लिव्हरनी. माझी बोटं आखूड आहेत.

आखूड मडगार्ड पहिल्या पावसातच उतरवलं, पाठीवर मानेपर्यंत चिखल उडाला होता. मूळचं परत लावलंय. काढताना त्याच्या रंगावर ओरखडा गेला, तेवढा भरून घ्यायचा राहिलाय.