इलेक्ट्रॉनिक तंबोरा, आठ महिन्यांनंतर: सूर पक्का, नॉब कच्चा

आषाढीचा कार्यक्रम तोंडावर आला आणि माझ्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या आवाजाच्या नॉबने खरखर सुरू केली. हात लावला की खर्रर्र, सोडला की आवाज एकदम बसायचा, मग आपोआप चढायचा. अशा गोंगाटात षड्ज, म्हणजे सा, लावायचा कसा?

वॉरंटी वर्षाची, यंत्र आठ महिन्यांचं. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, नॉब झिजणारच, तो वॉरंटीत बसत नाही. अख्खा बोर्ड बदला, अठराशे रुपये. साडेचार हजारांच्या वस्तूला अठराशे! सुटा नॉब विकत द्या म्हटलं, तर सुटे भाग देत नाही म्हणाले. शिकवणी घेऊन पैसे साठवणाऱ्या मुलीला हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी झाकण उघडलं, आत क्लीनरचा फवारा मारला, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बराच वेळ फिरवत राहिले. आत धूळ बसली होती, एवढंच. शंभर रुपये झाले.

इतका राग येतो, कारण बाकी यंत्रावर माझा जीव आहे.

मी गाण्याच्या बाईंकडे ख्याल शिकते आणि जोडीने अभंग. माझी पट्टी, म्हणजे माझा सा, पेटीच्या काळी चारवर. घरी आधी पेटीवर रियाज व्हायचा. पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट) चढा असतो, आणि माझा गळा तिथेच जाऊन बसायला लागला होता. बाई म्हणायच्या, "खर्जाच्या तारेतला स्वयंभू गंधार ऐक, तुझा तिथे मिळव." खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार वाजली की तिच्यातून आपोआप उमटणारा ग तो स्वयंभू गंधार. सुरुवातीला या यंत्रात तो मला ऐकूच येईना. तेव्हा माझं ठाम मत होतं की हा आवाज पोकळ आहे, जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणझण, नुसती नावाला. मग आवाज निम्म्याच्या खाली आणला आणि तारेने एक जुना स्पीकर जोडला. आतला छोटा स्पीकर वर नेला की थरथरतो आणि त्या थरथरीत गंधार बुडतो. बाहेरच्या स्पीकरवर, जोडाच्या (मधल्या दोन, सा च्या) तारा शांतपणे छेडल्या जात असताना, खर्ज वाजला की गंधार स्पष्ट वर येतो. मत बदललं. या एका गोष्टीसाठी मी याला पूर्ण गुण देईन.

भैरवी रागात मात्र कसोटी लागते. आपण कोमल गंधार लावायचा आणि तंबोऱ्यात शुद्ध गंधार गुंजत असतो. त्याला न बिचकता स्वतःचा कोमल धरून ठेवायची सवय मला याच यंत्रामुळे लागली.

अभंगालाही याचा फार उपयोग झाला. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. तो आखूड चरण संपला की भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत थोडी जागा उरते. मी ती तानेने भरायचे. बाईंनी थांबवलं: "संतांचा शब्द आत्ताच पडलाय, त्याला जरा राहू दे." त्या जागेत मागे सूर अखंड असला की गप्प राहायला भीती वाटत नाही.

उणिवा आहेतच. लाइट गेली की सगळं पुसून काळी एकवर येतं. पंचमाच्या तारेचा मध्यम एका बटणात होतो, ज्यात पंचम नाही असा मालकंस राग गाताना ही सोय खरी. पण तंबोरा लावण्याची विद्या यातून येत नाही. ती बाईंच्या मिरजेच्या तंबोऱ्यावर, खुंट्या पिळत आणि मणी सरकवत शिकावी लागते, अजून शिकतेच आहे.

आणि पुन्हा तो नॉब! दिवसातून किती वेळा हात लागतो त्याला, आणि नेमका तोच भाग सर्वांत स्वस्तातला टाकलाय. आता मी तो एका जागी ठेवून दिला आहे, कमी-जास्त बाहेरच्या स्पीकरवर करते. घेणाऱ्यांनी दुकानातच यंत्र चालू करून नॉब हळूहळू पूर्ण फिरवून ऐकावा, आणि घरी धुळीपासून कापडाने झाकून ठेवावं. सुटा नॉब विकायला ठेवा असं कंपनीला लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.