नागपूरच्या बर्डीवरचं (सीताबर्डी) कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान: ४६,५०० चं काम ७,९९० मध्ये झालं (सध्यापुरतं)

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो कशासाठी ते पुढे येईलच, पण मुळात मी रिव्ह्यू वगैरे लिहिणारी बाई नाही, यावेळी लिहून राहिली कारण आधीच्या दुकानात मी जवळजवळ नवीन पीसी घेऊनच टाकला होता.

मी घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, बायोडाटा, मंडळाचे अहवाल, कधी कोणाचा थीसिस. पीसी २०१४ मध्ये असेंबल करून घेतलेला, चौथ्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर, एच ८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर थ्री रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. त्यात पेजमेकर ७ (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि डोंगलवाली श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, यूएसबीचं डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही). हसायचं त्यांनी हसून घ्या, पेजमेकर २००१ नंतर पुढे सरकलंच नाही हे मलाही माहीत आहे, पण माझ्या सगळ्या जुन्या पत्रिका त्याच्यातच आहेत, गिऱ्हाईक येतं ते "मोठ्या मुलीच्या वेळी केली तशीच करा ताई" म्हणत येतं, आणि पेजमेकरची सीडी दोन घरं बदलताना कुठं गेली देव जाणे. म्हणून माझ्यासाठी पीसी म्हणजे तो डबा नाही, आतमध्ये जसं लावून ठेवलंय तसंच्या तसं सगळं.

तर मे लागला आणि याची नाटकं सुरू झाली. दुपारी दोन-अडीच वाजले की फट्कन बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही, लाईन गेल्यासारखा बंद, आणि लाईन तर असायची. पुन्हा चालू केला की विंडोज यायलाच सात-आठ मिनिटं. वरून सकाळी लावला की घड्याळ १ जानेवारी २०१४ वर, मग तारीख चुकीची म्हणून ब्राऊझर एकही साईट उघडू देत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. पहिल्यांदा तर मला वाटलं बँकेचं खातंच हॅक झालं बाप्पा.

मुलगा पुण्यात असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडायला लावलं, तिथं लाल रंगात कर्नल पॉवर ४१ च्या ओळीच ओळी. आम्हाला वाटलं सापडलं. पण त्या ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला, म्हणजे मला जे डोळ्यानं दिसत होतं तेच तो इंग्रजीत सांगून राहिला होता. का बंद पडला ते त्यात नसतं. मग घरगुती उपाय झाले, साईडचं पॅनल काढून ब्लोअर मारला (धूळ किती निघाली ते सांगत नाही, लाज वाटते), रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, सॉकेट बदललं, वायर बदलली. एक दिवस बरा चालला, दुसऱ्या दिवशी परत तेच.

मी, नवरा, मुलगा, शेजारचे काका, सगळ्यांचं एकच मत, नागपूरचा मे आहे, ४५ डिग्री आहे, पीसी तापून बंद पडतो. पटण्यासारखंच आहे ना? फक्त एक गोष्ट तेव्हा कोणाच्या डोक्यात आली नाही. तापून बंद पडायचा तर मोठी फाईल उघडल्यावर पडला असता. हा तर नुसता चालू ठेवून मी पोळ्या लाटत असतानाही बंद पडायचा.

घराजवळच्या एका दुकानात नेला, नाव घेत नाही. त्या पोरानं कॅबिनेट उघडलं, आत टॉर्च मारला आणि दहा मिनिटांत निकाल दिला, मदरबोर्ड गेला, हा जुना बोर्ड आता मिळत नाही, नवीन सेट घ्या, मॉनिटर सोडून ४६,५०० होईल. मीटर लावला नाही, दुसरा एसएमपीएस म्हणजे आतला पॉवर सप्लाय जोडून पाहिला नाही, काही नाही. "तोवर फॉरमॅट मारून देऊ का, जरा फास्ट होईल" असं वरून विचारलं. त्याला हो म्हटलं असतं तर श्रीलिपी, पेजमेकर, दहा वर्षांचे फॉन्ट, सगळं गेलं असतं हो. चार दिवस ठेवून घेतला, पाचशे चेकिंगचे घेतले आणि परत आणला तर कॅबिनेटचे दोन स्क्रू गायब.

मग आमच्या प्रेसवाल्या भाऊंनी हे दुकान सांगितलं. झाशी राणी चौकाकडून बर्डी मेन रोडला लागलं की मोदी नंबरच्या गल्ल्या आहेत, त्यातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर. दुकान कसलं, एक टेबल, दोन स्टूल आणि भिंतीला टेकवलेले मेलेले मॉनिटर. गाडी लावायला जागा विचारूच नका, मी पहिल्यांदा कॅबिनेट ॲक्टिव्हावर पायाजवळ ठेवून नेलं आणि गाडी लावायलाच अर्धा तास गेला, दुसऱ्या वेळी सरळ सुभाष नगरहून मेट्रोनं गेली.

मालक पन्नाशीचे असतील, बोलायला जरा फटकळ. मी जाऊन आपलं "मदरबोर्ड गेलाय" म्हणून सुरू केलं तर म्हणाले, "ते मी पाहतो ताई, तुम्ही फक्त सांगा बंद कव्हा पडते." दुपारी. "दुपारी घरात काय चालू होते?" काय चालू होणार, कूलर. "कूलर अन् पीसी एकाच बोर्डावर हाय का?" हो, त्याच खोलीत, त्याच स्विचबोर्डावर. "अन् यूपीएसची बॅटरी कव्हा बदलली?"

इथं मी गप्प. यूपीएस म्हणजे लाईन गेली तर पीसीला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, त्याची बॅटरी बदलावी लागते हेच मला माहीत नव्हतं. पीसीसोबत घेतला तेव्हापासून एकदा बदलली असेल नसेल. साध्या यूपीएसमधली ती १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांचीच असते म्हणे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी लवकर जाते.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर एकदम जास्त करंट ओढते, तेवढ्यात त्या बोर्डावरचा व्होल्टेज खाली बसतो. दुपारी अख्ख्या लाईनवर सगळ्यांचे कूलर-एसी चालू, म्हणजे व्होल्टेज आधीच पडलेला. यूपीएसला वाटतं लाईन गेली, तो पीसी बॅटरीवर घेतो, आणि बॅटरी तर मेलेली, म्हणून तो स्वतःच बसतो आणि पीसीला घेऊन बसतो. त्यांचं वाक्य मला पाठ झालंय, "मेलेल्या यूपीएसपेक्षा नसलेला बरा, नसता तर सप्लायनं यखांद्या वेळी सांभाळून तरी घेतलं असतं." म्हणजे कारण उन्हाळाच होता, पण पीसी तापत नव्हता, तापत आम्ही होतो!

पण एवढ्यावर सोडलं नाही म्हणून मला हा माणूस आवडला. यूपीएस घरी होता, म्हणून त्यांनी पीसी थेट लाईनवर लावला, काहीतरी टेस्ट चालवून लोड दिला आणि मीटर लावून दाखवलं. पीसीच्या आतल्या १२ व्होल्टच्या लाईनवर ११.२. पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. एसएमपीएस उघडून दाखवला, आतले दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वरून फुगलेले, पोळी फुगते तसे. दुसरा सप्लाय जोडून तासभर चालवला, मदरबोर्ड ठणठणीत. घड्याळ मागे जायचं ते सीआर २०३२ चा बटण सेल संपल्यामुळे, मी रात्री भिंतीचं बटण बंद करते म्हणून सकाळी २०१४ उजाडायचं. चाळीस रुपयांचा सेल!

हार्ड डिस्क मात्र खरंच जायला आलेली होती. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्या रंगात कॉशन, खराब सेक्टर बाजूला टाकून टाकून वाढत चाललेले आणि आणखी काही वाचताच न येणारे. विंडोज सात मिनिटं घेत होतं ते यामुळे. डिस्कचं वय झालंच होतं, त्यात रोज दुपारी चालत्या गाडीची चाबी काढल्यासारखं होत होतं. म्हणाले बाकी सगळं नंतर, आज डेटा काढू. चुकूनही यावर फॉरमॅट किंवा चेकडिस्क चालवू नका, आधी कॉपी, मग काय ते. पहिल्या दुकानातला "फॉरमॅट मारून देऊ का" आठवून माझ्या पोटात गोळाच आला.

आता खरा प्रश्न, की बारा वर्षं जुन्या पीसीवर पैसे लावायचे का. मुलगा म्हणे आई फेकून दे. याचं उत्तर त्यांनी फार सरळ दिलं आणि मी ते पुढेही वापरणार आहे. म्हणे, जे सामान उद्या नव्या मशीनमध्ये जाते त्यावर पैसे लावा, जे याच्यासोबतच मरते त्यावर एक रुपया लावू नका. मदरबोर्ड खरंच गेला असता तर ते स्वतःच नवीन घ्या म्हणाले असते, एच ८१ चा सेकंडहॅंड बोर्ड शोधून टाकण्यात अर्थ नाही. मी विचारलं रॅम ८ ची १६ करू का, तर साफ नाही म्हणाले, डीडीआर थ्री नव्या बोर्डात बसत नाही. पण साटाची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लागणारी वेगवान डिस्क) बसते, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस बसतो, यूपीएस तर वेगळाच असतो.

नवीन घ्यायचं कारणही त्यांनी लपवलं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, माझा चौथ्या. जुगाड करून टाकता येतं, पण त्यांनी करून दिलं नाही, कामाच्या मशीनवर नको म्हणाले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते त्यांनी माझ्या अकाउंटवरून तिथंच चालू करून दिलं. म्हणजे हा पीसी काही मी आणखी पाच वर्षं ओढणार नाही. पण ऐन लग्नसराईत नवीन मशीन, नवीन विंडोज, त्यावर पेजमेकर आणि डोंगल चालते की नाही याची डोकेफोड, आणि त्यात रॅमचे भाव २०२५ च्या दिवाळीच्या आसपासपासून जे पेटलेत ते पेटलेलेच, कंपन्या सगळी मेमरी एआयच्या सर्व्हरवाल्यांना विकून राहिल्या आणि भुर्दंड आपल्याला. सीझन संपल्यावर शांतपणे घेईन.

हिशोब असा झाला: एसएमपीएस २,६००, २५० जीबीच्या आसपासची एसएसडी ३,१००, यूपीएसची बॅटरी १,०५०, सेल ४०, मजुरी आणि जुन्या डिस्कवरून सगळं जसंच्या तसं क्लोन करायचे १,२००. एकूण ७,९९०. चेकिंगचे ३०० काम केलं म्हणून वेगळे धरले नाहीत. एसएमपीएस सातशेवालाही होता, मी विचारला, तर "तो माझ्या दुकानातून नाही जात" एवढंच बोलले. एसएसडी लहान म्हणून जुन्या फाईलींपैकी मोठ्या मोठ्या बाहेरच्या डिस्कवर काढून दिल्या. जुनी हार्ड डिस्क आणि फुगलेला सप्लाय न मागता पिशवीत घालून परत दिला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता तो कापलेला स्टार. "उद्या संध्याकाळी न्या" म्हणाले, तीन दिवस लागले. डिस्क हळू वाचत होती हे खरं, पण फोन उचलून सांगायला काय होतं? फोन उचलतच नाहीत. माझ्या दोन पत्रिका अडकल्या होत्या, एकीचं प्रूफ मी शेवटी मोबाईलवर करून पाठवलं आणि त्यात मुलीच्या मामांचं नाव राहिलं, त्याचं काय महाभारत झालं ते वेगळंच लिहावं लागेल. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या, एसएमपीएस आणि एसएसडीची वॉरंटी त्याच्यावरच असते. आणि हाताखालच्या मुलानं पुढच्या यूएसबीची वायर जोडलीच नाही, डोंगल तिथंच लावते मी, घरी येऊन लावला तर श्रीलिपी उघडेना, माझे हातपाय गळाले. मागच्या पोर्टला लावल्यावर उघडली. परत घेऊन जायचा माझा मूड नव्हता, माझ्या मुलानं पुण्याहून कॉलवर सांगून माझ्याकडूनच ती वायर जोडून घेतली. एसएसडीही आत डबल टेपनं चिकटवली आहे, चालते म्हणतात, पण दिसायला बरं नाही दिसत.

बाकी विंडोज आता वीस-पंचवीस सेकंदांत येतं. कूलरचा प्लग दुसऱ्या खोलीच्या बोर्डावर नेला, त्याला एक्स्टेंशन लागलं नाही, नवऱ्यानं वायरमन बोलावून वेगळं सॉकेट काढून घेतलं. नवतप्यात (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) मुद्दाम एक दिवस भर दुपारी कूलर परत जुन्या बोर्डावर लावून पाहिला, यूपीएस एकदा टुक्क वाजला आणि पेजमेकरमधला गणपती स्क्रीनवर तसाच बसून होता.

जाणार असाल तर फक्त कॅबिनेट आणि यूपीएस न्या, मॉनिटर-कीबोर्ड त्यांच्याकडे आहे. रविवारी बंद. चारच्या आत गेलात तर बोलायला वेळ देतात, संध्याकाळी स्टूलसुद्धा मिळत नाही.