शाडू की कागदाचा लगदा?

गणपती, गौरीचे मुखवटे आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे असं सगळंच घडवणाऱ्याला दोन्ही माध्यमं लागतात. पण कुठे कोणतं, हे आधी ठरवावं.

चेहऱ्यासाठी मी निःसंकोच शाडू घेईन. पापणीची कड, ओठांची मुडप, नाकपुडीचा उतार कोरणीच्या एका फिरवण्यात उमटतो आणि मनासारखं झालं नाही तर ओल्या बोटाने पुसता येतो. पेणच्या मूर्तींना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे अशाच रेखीव आखणीची परंपरा आहे. मात्र शाडू वाळताना आकसतो. आत आधाराला तार असेल तर तार आकसत नाही, म्हणून मूर्ती नेमकी मनगटावर तडकते. वाळवण सावलीतच हवं. वजनही भारी, त्यामुळे कुरिअरने पाठवायला जोखीम.

लगदा तारेला घट्ट धरतो. भाला उगारलेला मावळा, गिरकी घेणारी बाहुली यांना तोच बरा. रद्दी भिजवून वाटायची, पाणी पिळून डिंक आणि खडूची पूड घालायची. हलका, पडला तरी सहसा फुटत नाही. पण पृष्ठभाग खरबरीत, पॉलिश पेपरने घासण्यातच वेळ जातो. शिवाय पावसाळ्यात जाड थर आतून ओला राहून बुरशी धरतो, म्हणून थर पातळच द्यावेत.

दोन्ही कामं एकाच दिवशी काढू नयेत. शाडूचे हात लगद्याला लागले की रंग मळतो. मी तर लगद्याचे धड उन्हाळ्यातच करून ठेवते आणि पावसाळा शाडूला देते.