दात पांढरे करून दहा महिने: दवाखान्यातला एक तास आणि घरचा ट्रे

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. वय 46, घर भांडुपला, ऑफिस फोर्टात, दिवसाला सहा-सात चहा (ऑफिसातले कटिंग धरून). तंबाखू नाही. शाळेत असताना लालबागच्या चाळीच्या जिन्यात पडले होते, तेव्हा पुढच्या दाताचा कोपरा तुटला. त्यावर पंधरा वर्षांपूर्वी दाताच्या रंगाचं फिलिंग बसवलंय. हे फिलिंग लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यानेच घातला.

भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले. मी मोतिया साडी नेसले होते आणि दात साडीपेक्षा पिवळे दिसत होते. लग्न डिसेंबरात, म्हणजे हातात दोन महिने होते.

त्यातले तीन आठवडे मी घरगुती उपायांत घालवले. कोळशाच्या पेस्टने बेसिन काळं झालं, टूथब्रश काळा झाला, दात होते तसेच. मग कुणीतरी पाठवलेला लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचा प्रयोग. चौथ्या दिवशी कच्ची कैरी खाल्ल्यासारखे दात आंबले आणि मी थांबले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते फार पटलं: वरचं इनॅमल आम्लाने आणि घासण्याने झिजतं, ते परत येत नाही, आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर असतं. म्हणजे मी पांढरं घासून पिवळं उघडं पाडत होते. सासूबाई हे सगळं पायरीवर बसून बघत होत्या. त्यांनी जन्मभर मशेरी लावली. म्हणाल्या, "आमचे काळे झाले गं, पण जागेवर आहेत." मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, तेव्हा हा सल्ला कुणी घेऊ नका. पण त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं हे खरं.

मग सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं: दात साफ करून घेणं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, माझ्या ऑफिसपासून चालत जाता येतं. केसपेपर काढा, रांगेत बसा, शिकणारी मुलं सावकाश काम करतात, मोठे डॉक्टर येऊन तपासतात. वेळ जातो, पण पैसे फार कमी लागतात. खालच्या दातांच्या मागून चहाचे डाग आणि कीटण निघालं आणि माझा निम्मा पिवळेपणा तिथेच संपला. तुम्ही ब्लीचिंगचा, म्हणजे जेल लावून दात पांढरे करण्याचा, विचार करत असाल तर आधी एवढं करा. बऱ्याच जणांना पुढे जायची गरजही पडणार नाही.

मला पडली, कारण मी हावरट. लग्नाच्या पाच दिवस आधी एका चकचकीत क्लिनिकमध्ये 'एका तासात' वालं करून घेतलं. 9,000 रुपये. आधी दाताशेजारी शेड गाईड धरतात. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी कार्ड दाखवतात ना, तसंच, फक्त इथे छोटे छोटे खोटे दात. माझा ए3.5 निघाला (आकडा जितका मोठा तितका दात गडद, ए1 या गटातला सगळ्यात फिका). मग गाल आणि ओठ ताणून धरणारी प्लॅस्टिकची चौकट. ती घातल्यावर माणसाची सगळी ऐट संपते, लाळ कानाकडे निघते. हिरड्यांवर निळसर लेप लावून तो दिव्याने कडक करतात, आणि मग दातांवर तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण पंधरा-वीस मिनिटं. वर निळा दिवा. त्या दिव्याने शेवटी फारसा फरक पडत नाही, हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. काम जेल करतं. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत जातं आणि रंगाचे मोठे रेणू तोडतं.

एका ठिकाणी लेप नीट बसला नव्हता. तिथली हिरडी पांढरी पडली आणि चुरचुरली. दोन दिवसांत पूर्ववत झाली, पण 'काही होणार नाही' असं मला सांगितलं होतं. शेवटी आरसा दिला. ए1! मी खूश. फिलिंगकडे लक्षच गेलं नाही.

रात्री सुरू झालं. दातांत आतून अचानक करंट लागल्यासारखी कळ, एका दातातून दुसऱ्या दातात. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडुपला लोकलमध्ये दाराशी उभी राहिले आणि विक्रोळीपर्यंत ओढणी तोंडावर दाबून धरली, कारण नुसता वारा दातांवर आदळला तरी जीव जात होता. समोरच्या बाईला वाटलं मला उलटी होतेय, तिने जागा दिली. ही कळ दीड दिवसाने ओसरली. पहिले दोन दिवस रंग चढेल असं काही खायचं नाही, म्हणजे चहा नाही आणि हळद नाही. मराठी घरात हळदीशिवाय काय खाणार? दहीभात, साबुदाण्याची खिचडी, नारळाच्या दुधातली शेवई. भाचीच्या हळदीला मी एकटी दहीभात खात बसले होते.

लग्नाचे फोटो आले आणि घोळ दिसला. सगळे दात पांढरे आणि पुढच्या दाताचा कोपरा जुन्या रंगाचा, जणू तिथे जिलबीचा तुकडा अडकलाय. फिलिंग, कॅप, ब्रिज, यांवर ब्लीचचा काडीचाही परिणाम होत नाही. ही या धंद्यातली पहिल्या पानावरची गोष्ट आहे आणि मला कुणी सांगितली नव्हती. फोन केला तर "फिलिंग बदलून घ्या मॅडम, वेगळा चार्ज." भर म्हणजे दोन आठवड्यांत बाकीचे दातही थोडे उतरले. ब्लीचनंतर दात कोरडे पडलेले असतात म्हणून पहिल्या दिवशी जास्तच पांढरे दिसतात. ओलावा परतला की खरा रंग कळतो. माझा ए2 च्या आसपास स्थिरावला.

जानेवारीत मुलुंडच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी एक्स-रे काढला, कीड बघितली, मगच बोलल्या. म्हणाल्या, फिलिंग आत्ता नको, आधी रंग पक्का करू. गुलाबी लगद्यात माप घेतलं, त्यावरून पातळ पारदर्शक ट्रे बनवले आणि 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या सिरिंज दिल्या. यातून सुमारे साडेतीन टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, म्हणून काम हळू होतं. ट्रे आणि जेल मिळून 6,500.

हे मला खरंच आवडलं. रात्री प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, ट्रे चढवायचा, बाहेर आलेलं बोटाने पुसायचं, झोपायचं. सुरुवातीला मी जास्त भरायचे, ते हिरड्यांवर यायचं. सिरिंज फ्रीजच्या दारात आलं-लसूण पेस्टशेजारी असते. मुलाने एकदा विचारलं होतं, "आई, हे कसलं आयसिंग?" कळ आली की एक रात्र सोडायची आणि पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट लावायची. तीन आठवड्यांत ए1 आला आणि टिकला. दोन आठवडे थांबून मग नवं फिलिंग केलं, कारण ब्लीचनंतर लगेच फिलिंग नीट चिकटत नाही.

ऑफिसातल्या एकीने नेटवरून जेल मागवलंय, ट्रे सगळ्यांना एकच मापाचा, त्यात किती टक्के काय ते छापलेलंच नाही. तिला मी सांगितलं, युरोपात 2012 पासून 0.1 टक्क्याहून जास्त पेरॉक्साइडचं ब्लीच ग्राहकाला थेट विकता येत नाही, ते डेंटिस्टमार्फतच मिळतं. तिने ऐकलं नाही. तिच्या दातांवर आडवे पट्टे असलेले पांढरे डाग आहेत, लहानपणच्या बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्याचे. ते तर ब्लीचने सुरुवातीला अजून उठून दिसतात.

आता दहा महिने झाले. चहा मी सोडलेला नाही, फक्त नंतर चूळ भरते. रंग अर्ध्या शेडने खाली आलाय. आणि गंमत बघा, नवं फिलिंग मात्र ए1 लाच अडून बसलंय. जो कोपरा पिवळा म्हणून मी जानेवारीत रडत होते, तोच आता सगळ्यात पांढरा दिसायला लागलाय. सासूबाईंना चष्म्याशिवायही दिसतो. म्हणून या शनिवारपासून पुन्हा चार रात्री ट्रे. फ्रीजमध्ये दीड सिरिंज शिल्लक आहे.