स्नॅपसीडमधलं ब्लॅक अँड व्हाइट: आधी रंग बघा, मग काढा

मोबाइलवर फोटो कृष्णधवल करून देणाऱ्या ॲप्सची कमी नाही, पण त्यातली बरीचशी एकच काम करतात: रंग पुसून टाकतात. मी या कामासाठी स्नॅपसीडला चिकटून आहे. ते फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत, हे तर झालंच. पण माझं खरं कारण त्याच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ टूलमधल्या एका बटणात आहे, ज्याच्याकडे फार कुणी बघत नाही.

टूल उघडलं की न्यूट्रल, काँट्रास्ट, ब्राइट, डार्क, फिल्म आणि डार्कन स्काय अशा तयार शैली समोर येतात. बहुतेक जण त्यातली एक निवडून फोटो सेव्ह करतात. त्यांच्या शेजारीच रंगांच्या फिल्टरचं बटण आहे: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. फोटोतला कुठला रंग उजळ करडा व्हावा आणि कुठला गडद, हे तिथे ठरतं.

नुसता रंग काढताना लाल, हिरवा आणि निळा ठरावीक प्रमाणात एकत्र केले जातात. एका रूढ सूत्रात हिरव्याचा वाटा साधारण 59 टक्के, लालचा 30 आणि निळ्याचा 11. याचा परिणाम असा की हिरव्या झाडीपुढे लाल सदरा घालून उभा असलेला माणूस रंगीत फोटोत लगेच डोळ्यांत भरतो, पण कृष्णधवल होताच झाडीत विरून जातो, कारण दोन्ही रंगांचा करडा जवळपास सारखाच निघतो. लाल फिल्टर लावा: सदरा उजळतो, पानं काळवंडतात. हिरवा लावला की बरोबर उलटं. फोटो तोच, पण नजर कुठे जाणार ते बदललं. ही युक्ती फिल्मच्या काळापासूनची आहे. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं 1927 मध्ये तिथल्या योसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरनं घेतला, मग गडद लाल फिल्टर लावून पुन्हा घेतला. त्या दुसऱ्या फोटोत आकाश जवळजवळ काळं आलं आणि अ‍ॅडम्सचं नाव झालं. त्याला फिल्टर फोटो काढण्याआधी निवडावा लागायचा. आपल्याला नंतर, निवांत बसून निवडता येतो. मला हे फार मोठं सुख वाटतं.

चेहऱ्यांवर तर हा फरक थक्क करणारा आहे. नारिंगी किंवा लाल फिल्टरनं त्वचा उजळते आणि डाग फिके पडतात. निळ्यानं एकूण एक डाग वर येतो. आईचे फोटो मी हिरव्या फिल्टरमध्ये करते, कारण मला तिच्या सुरकुत्या हव्या असतात, आणि खिडकीच्या बाजूनं येणाऱ्या उजेडात त्या हिरव्यामध्ये फार सुंदर उठतात.

आता यातली उणीव. फिल्टर किती जोरात लागावा, हे कमी-जास्त करता येत नाही. लाइटरूम या फोटो सुधारायच्या दुसऱ्या ॲपच्या मोबाइल आवृत्तीत आठ रंगांच्या आठ वेगळ्या पट्ट्या आहेत, तिथे निळा थोडासा खाली आणि नारिंगी किंचित वर असं बारीक काम होतं. ज्यांना तसं नेमकं नियंत्रण हवं, त्यांनी तेच घ्यावं.

मात्र स्नॅपसीडमध्ये एक वाट आहे आणि ती मला जास्त आवडते. केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन कुठलाही बदल ब्रशनं हवा तेवढ्याच भागावर रंगवता येतो. समजा, आकाश गडद हवंय पण पानं काळी पडायला नकोत. आधी लाल फिल्टरचं ब्लॅक अँड व्हाइट लावायचं, यादीतून ब्रश उघडून ते फक्त आकाशावर फिरवायचं. या क्षणी फोटो अर्धा रंगीत दिसतो, घाबरू नका. मग त्यावर हिरव्या फिल्टरचं ब्लॅक अँड व्हाइट दुसऱ्यांदा, पूर्ण फोटोवर. आकाश आधीच करडं झालेलं असल्यामुळे तिथला गडदपणा टिकतो, आणि उरलेल्या भागाला हिरवा फिल्टर मिळतो. ब्रशची तीव्रता 25, 50, 75 अशी बदलता येते, म्हणजे जोर कमी करायची सोयही झाली. कडेपाशी काम करताना फोटो मोठा करून घ्यावा, तसा ब्रश बारीक पडतो.

दुसरी अडचण ॲपची नाही, फोनच्या सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपची आहे. नेहमीच्या सेन्सरवर रंगीत फिल्टरची बारीक जाळी असते, तिच्यामुळे निम्मे पिक्सेल हिरवा उजेड मोजतात, लाल आणि निळ्याच्या वाट्याला पाव-पाव येतात. म्हणून कमी उजेडातल्या फोटोवर निळा किंवा लाल फिल्टर लावला की आकाशात, भिंतीवर खरखर दिसू लागते. जेपीईजीत, म्हणजे फोनच्या नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये, ती चौकोनी ठिगळांसारखी दिसते. फोन रॉ, म्हणजे सेन्सरची न दाबलेली मूळ नोंद देत असेल तर तिची डीएनजी फाइल घ्या, स्नॅपसीड ती उघडतं.

फोटो मात्र रंगीतच काढायचा. 2016 च्या हुआवे पी9 मध्ये लायका या कॅमेरा कंपनीच्या साथीनं वेगळा मोनोक्रोम, म्हणजे फक्त कृष्णधवल टिपणारा सेन्सर दिला होता. रंगांची जाळी नसल्यानं तो जास्त उजेड टिपायचा, पण रंगांची नोंदच नाही म्हटल्यावर नुसत्या त्याच्या फोटोवर नंतर लाल-हिरव्याचा खेळ कुठून करणार? आयफोनच्या कॅमेऱ्यातले मोनो, सिल्व्हरटोन आणि नॉयर फिल्टर नंतर काढता येतात. चौकट ठरवताना ते लावून ठेवावेत, उजेड-सावली स्पष्ट कळते. स्नॅपसीडमध्ये नेण्याआधी तेवढे काढून टाकायचे.

स्नॅपसीडच्या ‘डिटेल्स’ टूलमधलं स्ट्रक्चर, म्हणजे पोत उठावदार करणारी पट्टी, जपून वापरा. जास्त झालं की डोंगराच्या, इमारतीच्या कडेला पांढरी किनार उमटते आणि ती पुढे कशानं जात नाही. ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक कण, सगळ्यात शेवटी, तोही फोटो पूर्ण मोठा करून बघत घालावा. फोटो कुठे अपलोड करणार असाल तर आणखी कमी, कारण तिथे फाइल दाबली जाते आणि बारीक ग्रेनचा चिखल होतो. कागदावर छापणार असाल तर हात थोडा सैल सोडायला हरकत नाही.