१३ मिनिटं ५२ सेकंद: टेनेसीचा फास्ट ऑफेन्स, सव्वा वर्ष वापरल्यानंतर

टेनेसी म्हणजे नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ, ऑफेन्स म्हणजे चेंडू घेऊन चढाई करणारी त्याची पलटण, आणि हा तिच्यावरचा माझा ग्राहक-अभिप्राय. अलाबामाविरुद्धच्या मॅचचे शेवटचे १५ सेकंद मी पाहिले नाहीत, ऐकले. शेजारच्या आजोबांच्या खिडकीतून. त्यांच्याकडे अजून केबल आहे. मी गेल्या वर्षी पैसे वाचवायला केबल काढून टाकली आणि इंटरनेटवरून मॅच दाखवणारी एक स्वस्तातली सेवा घेतली. ती साधारण चाळीस सेकंद मागे चालते. घेताना म्हटलं, चाळीस सेकंदांनी काय आभाळ कोसळणार आहे? जुन्या टेनेसीला दोन प्लेंच्या, म्हणजे चालींच्या, मधे तेवढा वेळ लागायचाच. आजोबा ओरडले की मला एवढंच कळायचं, आता काहीतरी होणार. ते चालून जायचं, कारण बहुतेक वेळा ते शिव्याच देत असायचे.

१५ ऑक्टोबर २०२२, ४९-४९. माझ्या पडद्यावर अलाबामाचा किकर अजून पावलं मोजत होता आणि तिकडून पहिली आरोळी आली. म्हणजे किक हुकली. मग पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं ते थांबेचना. दुसरी आरोळी. तिसरी. मी नुसत्या मोज्यांवर अंगण ओलांडून त्यांच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो तेव्हा चौथी आली, आणि दार उघडून बघतो तर पंच्याहत्तरी उलटलेला माणूस खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडतोय. ५२-४९. २००६ नंतर अलाबामाला पहिल्यांदा हरवलं होतं, मधे सलग १५ पराभव.

मधल्या दोन आरोळ्या कसल्या ते रात्री कळलं. आमच्या हूकरने, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकने, एक पास कीटनला टाकला, १८ यार्ड. दुसरा मकॉयला, २७ यार्ड. घड्याळात गेले १३ सेकंद, उरले २. मग आमच्या किकरची, मॅग्राथची, ४० यार्डांची किक, भेलकांडत, कशीबशी दांडीवरून गेली.

या १३ आकड्यावर पुन्हा येतो, कारण माझं सगळं भांडणच १३ या आकड्याशी आहे.

हडल, स्नॅप, डाऊन तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. ज्यांना माहीत नाहीत त्यांनी एवढंच लक्षात ठेवा: हडल म्हणजे प्लेआधी गोल करून कुजबुजणं, स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू करणं, डाऊन म्हणजे एक संधी; दहा यार्डांसाठी चार संधी, आणि प्रत्येक प्ले सुरू करायला ४० सेकंदांची मुभा. बाकीचे संघ गोल करून कुजबुजत ती मुभा पुरेपूर वापरतात. जॉश हायपल २०२१च्या जानेवारीत नॉक्सव्हिलला कोच म्हणून आला आणि त्याने ती कुजबूजच बंद केली. (आडनावाचा उच्चार हायपल. मी वर्षभर ‘ह्यूपेल’ म्हणत होतो, लेकीने चारचौघांत सुधारलं.) एक प्ले संपला की पोरं धावत जाऊन रांगेत उभी, बाजूच्या रेषेवरून हातवारे, की स्नॅप.

आधीचा माल कसा होता तेही सांगतो, म्हणजे आनंद किती आणि का ते कळेल. २००८मध्ये जुन्या कोचला, फुल्मरला, घालवल्यापासून किफिन, डूली, जोन्स, प्रुइट असे चार कोच आले नि गेले. २०२०चा हंगाम ३ विजय, ७ पराभव. १९९८चं विजेतेपद आठवून जगणारं हे गाव. आमच्या आजोबांची नारिंगी टोपी तेव्हाचीच आहे, आता तिचा रंग फिक्या आमरसासारखा झालाय.

तर पहिल्या वर्षीचा, ६ नोव्हेंबर २०२१चा केंटकीविरुद्धचा सामना. पहिल्याच प्लेला हूकरने ७५ यार्डांचा टचडाऊन टाकला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार गेला की टचडाऊन). मी टीव्हीचा आवाज वाढवायला रिमोट शोधत होतो. सामना आम्ही ४५-४२ जिंकला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी आकडे बघितले आणि माझं मराठी डोकं सरकलं. केंटकीकडे चेंडू ४६ मिनिटं ८ सेकंद. आमच्याकडे १३ मिनिटं ५२ सेकंद. त्यांचे ९९ प्ले, आमचे ४७.

आता सांगा. साठ मिनिटांच्या खेळाचे पैसे भरायचे आणि त्यातला पाऊण तास समोरच्यांचा ऑफेन्स बघायचा? थाळी सांगितली आणि भात शेजारच्या टेबलावर गेला, असला प्रकार. त्या ४७ प्लेंत ४६१ यार्ड काढले, म्हणजे प्लेमागे जवळजवळ दहा, हे मला मान्य आहे. पण मी बघितलं किती? आमच्या पलटणीने १३ मिनिटांत काम उरकलं आणि बिचारा डिफेन्स, म्हणजे अडवणारी पलटण, ४६ मिनिटं धावत बसला.

त्या दिवसापासून मी ओट्यावरचा इडलीचा टायमर घेऊन मॅचला बसतो. आपल्याकडे चेंडू आला की चालू, गेला की बंद. तो आकडा टीव्हीवर दाखवतात हे मला माहीत आहे. माझा माझ्यावर विश्वास जास्त. बायकोने सुरुवातीला काही म्हटलं नाही. शनिवारच्या इडल्या दोनदा घट्ट झाल्यावर म्हणाली.

या हंगामात सप्टेंबरमध्ये स्टेडियमलाही जाऊन आलो. अॅक्रनविरुद्ध, कारण तेच तिकीट परवडलं. नीलंड स्टेडियममध्ये लाखावर माणसं मावतात, नदीकाठी आहे, लोक होड्या घेऊन येतात, ते सगळं छायाचित्रांत असतं तसंच आहे. सांगण्यासारखं वेगळंच. वरच्या मजल्यावरून मैदान आडवं दिसतं आणि तेव्हा या ऑफेन्सची खरी मेख कळते. टीव्हीवर ती कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. आमचे कडेचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, पार रेषेला चिकटून उभे राहतात, जवळजवळ पाणी देणाऱ्या पोरांच्या शेजारी. मैदानाची रुंदी ५३ यार्ड आणि थोडी वर, ती सगळी वापरतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला डिफेन्सची माणसं बाहेर जातात आणि मधे मैदान उघडं पडतं. तिथून चेंडू घेऊन धावा, नाहीतर हायटसारखा पोरगा सरळ पळत सुटतो. अलाबामाविरुद्ध त्याने सहा झेल घेतले, त्यातले पाच टचडाऊन. पाचही वेळा हूकरनेच टाकलेले.

आणि घाई कशासाठी, तर नियम असा आहे की ऑफेन्सने माणूस बदलला तर डिफेन्सलाही बदलायला वेळ द्यावा लागतो. ऑफेन्सने बदललाच नाही, तर डिफेन्सला थांबून मिळत नाही. तीच दीडशे किलोची धूडं तिथेच, कमरेवर हात, तोंड उघडं. लग्नात पहिली पंगत उठायच्या आत दुसरी बसवली की वाढप्यांचं जे होतं ते. जिलबीचं ताट हातात, पंगत कुठली कळेना, आणि तिकडून ‘मठ्ठा, मठ्ठा’ चालू.

हे सगळं बघताना मी टायमर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, औषधाची वेळ आहे का? मी हो म्हणालो. एकदा पॉपकॉर्न घ्यायला उठलो आणि परत येईपर्यंत टचडाऊन होऊन गेला होता. चूक माझीच. जुन्या टेनेसीच्या वेळी माणूस पॉपकॉर्न घेऊन, घरी एक फोन करून, मराठी मंडळाच्या अध्यक्षांशी दिवाळीच्या हॉलवरून वाद घालून परत आला तरी तिसरा डाऊनच चालू असायचा. ६३-६ जिंकलो. तिकिटाला प्लेंनी भागलं तर स्वस्त पडलं, मिनिटांनी भागलं तर नाही.

लेक विद्यापीठातच शिकते, त्यामुळे अलाबामाच्या सामन्याला ती विद्यार्थ्यांच्या भागात होती. जिंकल्यावर सगळे मैदानात उतरले, गोलपोस्ट उपटले, मिरवत नेऊन टेनेसी नदीत टाकले. साग्रसंगीत विसर्जन. कॉन्फरन्सने, म्हणजे हे संघ ज्या साखळीत खेळतात तिने, विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड केला आणि पुढच्या शनिवारी परत सामना असल्यामुळे नव्या गोलपोस्टसाठी लोकांकडे चक्क वर्गणी मागितली गेली. आधी विसर्जन, मग वर्गणी, हा क्रम मी गणेशोत्सवातसुद्धा पाहिला नाही. मी दिली नाही. बायकोने परस्पर दहा डॉलर दिले, ते कार्डाच्या बिलात दिसले.

लेक रात्री अडीचला आली ती हातात मूठभर गवत घेऊन. मैदानातलं. सकाळी बघतो तर ते तुळशीच्या कुंडीत लावलेलं. मी म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणे, “बाबा, तुम्ही १३ मिनिटं, १३ मिनिटं करता ना? त्यांना १३ सेकंद पुरले.”

हे मात्र लागलं. टायमर कपाटात गेला. कारण खरं आहे, १५ सेकंद उरलेले असताना आपल्या ३२ यार्डांवरून दुसरा कुठलाही संघ गुडघा टेकून जादा वेळेत गेला असता. यांच्या अंगात घाई मुरलेली. वर्षभर रोज घाईने जेवणाऱ्याला गाडी सुटायच्या आत वडापाव संपवणं जड जात नाही.

स्ट्रीमिंगवाल्यांशी मी चॅटवर पाऊण तास भांडलो. आधी त्यांनी राउटर बंद-चालू करायला सांगितलं. मग म्हणाले, उशीर सगळ्यांनाच असतो. मी त्यांना समजावलं की साध्या संघासाठी चाळीस सेकंद म्हणजे एक प्ले, आमच्यासाठी दोन, कधी तीन. तुमचा उशीर तेवढाच असला तरी माझं नुकसान दुप्पट आहे. पलीकडच्याने बराच वेळ टाईप केलं आणि शेवटी पाच डॉलर जमा केले. मला वाटतं त्याला हिशेब पटला असावा.

इथपर्यंत लिहून, पाच तारे देऊन, मी हे पाठवणारच होतो.

६ नोव्हेंबर: बरं झालं थांबलो. मंगळवारी प्लेऑफची, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीसाठीची, पहिली क्रमवारी आली, टेनेसी देशात पहिली. शनिवारी जॉर्जियात २७-१३ हरलो. नेमकं तुळशीचं लग्न. गोरज मुहूर्ताला अंतरपाट माझ्या हातात, मंगलाष्टकं मोबाईलवर, आणि मी कुंडीतल्या त्या गवताकडे बघतोय. तिथल्या गर्दीने इतका गोंगाट केला की आमच्या पोरांना एकमेकांचं ऐकू जाईना, स्नॅपआधीच हलत होती. वरून पाऊस. घाईचा ऑफेन्स अडखळला की साध्या ऑफेन्सपेक्षा वाईट दिसतो. धावत जिना उतरताना पायरी चुकावी तसा. टचडाऊन आला तो चौथ्या क्वार्टरमध्ये. एक तारा कमी.

२० नोव्हेंबर: साउथ कॅरोलायना ६३, टेनेसी ३८. त्रेसष्ट! त्यांच्या रॅटलरने सहा टचडाऊन टाकले. टायमर कपाटातून परत बाहेर. ३८ गुण करूनही २५ने हरायचं, म्हणजे मी वर्षभर काय ओरडत होतो? डिफेन्सला जरा बसू द्या, पाणी पिऊ द्या. आजोबा म्हणाले, त्या दिवशी आमचा डिफेन्स ताजातवाना असता तरी हेच झालं असतं. त्यांचंही खोटं नाही, पण मी तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

त्याहून वाईट, चौथ्या क्वार्टरमध्ये हूकर कुणी न धरता, नुसता पाय टेकताना पडला. आज कळलं, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. हंगाम संपला त्याचा. चोवीस वर्षांचा पोरगा, व्हर्जिनिया टेकमधून आलेला, २०२१च्या पहिल्या दोन सामन्यांत राखीव असलेला. तेव्हाचा पहिला क्वार्टरबॅक मिल्टन, त्याला लागलं म्हणून याला संधी मिळाली, आता याला लागलं म्हणून मिल्टन खेळणार. लेक जेवली नाही. आज ताऱ्यांचा विषय नको.

३१ डिसेंबर: काल मायामीला ऑरेंज बोल, हंगामाअखेरचा मानाचा सामना. समोर क्लेमसन. आमच्याकडे हूकर नाही, रिसीव्हर हायट आणि टिलमन व्यावसायिक संघांच्या निवडीची तयारी करायला बाहेर, ऑफेन्स चालवणारा गोलेश दुसरीकडे मुख्य कोच म्हणून गेलेला. मी नाइलाजाने टीव्ही लावला तर तेच चक्र. या वेळी बूट घातले, डब्यात चिवडा घेतला आणि किकऑफच्या आधीच आजोबांकडे जाऊन बसलो.

३१-१४ जिंकलो. क्लेमसनने यार्ड आमच्यापेक्षा जास्त काढले, चेंडू घेऊन पुढेपुढे आले आणि गोलरेषेजवळ येऊन अडकले. किक हुकवल्या. ज्या डिफेन्सची मी सव्वा वर्ष कीव करत होतो त्याने सामना हातात धरून ठेवला. मिल्टनने तीन टचडाऊन टाकले. हंगाम ११ विजय, २ पराभव. सामन्यामागे सरासरी ४६.१ गुण, ५२५.५ यार्ड, दोन्हीत देशात पहिले.

तारे साडेचार. अर्धा कापलाय तो १३ मिनिटं ५२ सेकंदांसाठी, तो मिळणार नाही.

आजोबांनी चिवडा बिअरबरोबर खाल्ला, शेंगदाणे वेचून आधी. टायमर त्यांना फार आवडला. दुसऱ्या क्वार्टरपासून तेच चालू-बंद करत होते आणि दोनदा चुकले. त्यांच्याकडे उशीर शून्य, टीव्ही माझ्यापेक्षा मोठा. मी आज सकाळी ती सेवा बंद केली. महिन्याचे सत्तर डॉलर वाचतील, चिवड्याला फार तर दहा. टायमर त्यांच्याकडेच राहिलाय. इडल्या सध्या भिंतीवरच्या घड्याळावर.