एन्हर्टू : औषध अव्वल, पण फुप्फुसांवर पहारा हवाच

गाठींच्या कॅन्सरमध्ये अँटिबॉडीला जोडलेल्या औषधांचं घोडं अडतं ते आत पोहोचण्यावर. अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन, हा सुमारे १५० किलोडाल्टन वजनाचा मोठा रेणू. ती रक्तवाहिनीलगतच्या पेशींनाच चिकटते आणि गाठीचा गाभा कोरडा राहतो. शिवाय अँटिबॉडी ज्याला चिकटते ते हर-२ हे प्रथिन गाठीतल्या सगळ्या पेशींवर सारख्या प्रमाणात नसतं. एन्हर्टू, म्हणजे ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टिकॅन, सरस ठरतं ते इथेच. एका अँटिबॉडीवर केमोचे सुमारे ८ रेणू (कॅडसायला या त्याच जातीच्या आधीच्या औषधात सरासरी साडेतीन). पेशीत गेल्यावर लिंकर, म्हणजे अँटिबॉडी आणि केमोला जोडणारा दुवा, एन्झाइमने तुटतो आणि सुटलेला रेणू पडदा ओलांडून शेजारच्या पेशीही मारतो. कॅडसायलाला हे जमत नाही. हर-२ जास्त असलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या डेस्टिनी-ब्रेस्ट०३ चाचणीत आजार न वाढण्याचा मध्यक काळ एन्हर्टूवर २८.८ महिने आणि कॅडसायलावर ६.८ महिने होता. हर-२ कमी असलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्येही केमोच्या ५.१ महिन्यांसमोर ९.९ महिने मिळाले. इतका मोठा फरक फार थोड्या औषधांनी दाखवलाय.

तयारीत मात्र चुकायला जागा बरीच. १०० मिग्रॅच्या व्हायलमध्ये ५ मिली स्टेराइल वॉटर हळूहळू सोडायचं आणि व्हायल अलगद फिरवायची. हलवली तर प्रथिनाच्या गुठळ्या होतात. मिलीला २० मिग्रॅ औषध मिळतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये डोस किलोमागे ५.४ मिग्रॅ, दर ३ आठवड्यांनी. ६० किलोच्या रुग्णाला ३२४ मिग्रॅ, म्हणजे १६.२ मिली, म्हणजे ४ व्हायल. हे १०० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, नॉर्मल सलाईनमध्ये कधीच नाही. बॅग झाकून ठेवायची, नळीला ०.२ किंवा ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लावायचा. पहिला डोस ९० मिनिटांत. तो सोसला तर पुढचे ३० मिनिटांत. लेबलवरचं ‘डेरुक्स्टिकॅन’ दोनदा वाचा. साधं ट्रास्टुझुमॅब किंवा कॅडसायला समजून गफलत झाली तर डोसच चुकतो.

सगळ्यात मोठा धोका फुप्फुसांच्या दाहाचा. स्तनाच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचण्यांत १० ते १५ टक्के रुग्णांना तो झाला, काही दगावलेही. म्हणून आधी सीटी हवाच. नवा कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला की पुढचा डोस थांबवून लगेच पुन्हा सीटी. फक्त सीटीवर दिसणारा, लक्षणं नसलेला दाह पूर्ण निवळला तरच औषध पुन्हा सुरू करता येतं. लक्षणं असली तर ते कायमचं बंद, आणि स्टेरॉइड तातडीने. ‘जरासा खोकला आहे, एवढा डोस होऊन जाऊ दे’ ही सवलत कुणीही देऊ नये.

मळमळ तर जवळपास ठरलेलीच, आणि ती बरेच दिवस रेंगाळते. पहिल्या डोसपासूनच डेक्सामेथासोन, ऑनडान्सेट्रॉनसारखं औषध आणि अ‍ॅप्रेपिटंट अशी तिहेरी तयारी ठेवावी. प्रत्येक डोसआधी रक्ताची तपासणी, अधूनमधून हृदयाचा इको. रक्तपेशी फार घटल्या तर डोस किलोमागे ४.४ मिग्रॅवर, मग ३.२ वर आणता येतो. एकदा कमी केलेला डोस पुन्हा वाढवायचा नाही.